ज्याने चिकटवलं, त्यानेच ढकलायचं

सायकलचं चाक खांद्याला अडकवून दुकानात शिरणारा माणूस आधी डिंकोबांना शोधायचा. हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. चाळीस वर्षं शर्यतीच्या सायकलींचे टायर रिमवर चिकटवल्यावर लोकांनीच ते ठेवलं, आणि तोंडावर तशी हाक मारली तरी म्हातारबुवा रागवत नसत. रागवायला त्यांच्याकडे दुसरी भरपूर कारणं होती. कुणी चाक जमिनीवर आडवं टाकलं, कुणी चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं, कुणी "साधे टायर घातले तर नाही का चालणार?" असं विचारलं, की राग नाकावर हजर.

साधे टायर आपल्या सगळ्यांच्या माहितीचे. त्यांच्या कडा रिममध्ये अडकतात आणि आत वेगळी ट्यूब असते. डिंकोबांच्या टायरांचं तसं नाही. त्यांची ट्यूब टायरच्या पोटात घालून वरून शिवून टाकलेली असते, शिवणीवर एक सुती पट्टी असते, आणि तो अख्खा गोल रिमच्या उथळ पन्हाळीत नुसता सोल्यूशनच्या भरवशावर बसतो. वजनाला फुलासारखा, रस्त्यावर लोण्यासारखा. पण उतारावर, भर वेगात, वळण घेताना तो रिमवरून सुटला, तर पुढचं काही सांगायला नको.

म्हणून दुकानात एक नियम होता. टायर चिकटवून पुरता एक दिवस झाला की हवा सोडायची, दोन्ही अंगठे टायरच्या कुशीला लावायचे आणि अंगातला सगळा जोर काढून बाहेर ढकलायचं. चाक फिरवत, वीत वीत पुढे सरकत. कुठेही केसाएवढी फट दिसली, तर सगळं उखडून पहिल्यापासून. आणि ज्याने चिकटवलं, त्यानेच ढकलायचं. दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. फार पूर्वी डिंकोबांच्या हाताखाली दोन कारागीर होते, तेव्हा 'त्याने ढकललं असेल, त्याने ढकललं असेल' असं करता करता एक चाक कुणीच न ढकलता दुकानाबाहेर गेलं होतं. नशिबाने ते चाक सपाट रस्त्यावर सुटलं. डिंकोबांनी त्या दिवशी जो कानाला खडा लावला, तो आजतागायत.

दुकान आता धाकटी चालवायची. धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. वय सत्तेचाळीस, डोळ्यांवर चष्मा, केसांत पांढऱ्याची चांगली गर्दी. पण थोरली बहीण लग्न होऊन दूर देशी गेली तरी थोरलीच राहिली आणि ही धाकटीच. गिऱ्हाइकं तिला धाकटीताई म्हणायची. डिंकोबा चौऱ्याहत्तरचे, तरी सकाळी दहाच्या ठोक्याला दुकानात हजर असत. एकपर्यंत आपल्या स्टुलावर बसून दोन-तीन टायर चिकटवत आणि मग घरी जाऊन जेवून झोपत.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी, ते गेल्यावर, धाकटी दातांच्या डॉक्टरचं चाक पुसत होती. सकाळीच बाबांनी ते ढकलून पास करून ठेवलं होतं. फडकं फिरवताना तिचा अंगठा सहज टायरला टेकला आणि जरासा दाबला गेला. टायर रिमवरून उचलला गेला. केसाएवढी नाही, चांगली बोटभर फट पडली आणि पलीकडच्या खिडकीचा उजेड त्यातून आत आला.

तिला वाटलं, सोल्यूशन जुनं असेल. नवा डबा उघडला. पुढच्या आठवड्यात तिने नियम मोडून, चोरासारखी दाराकडे बघत, बाबांची आणखी तीन चाकं ढकलली. दोघांचे टायर सुटले. मग तिने त्यांना काम करताना नीट पाहिलं. ब्रश अजून तसाच चालायचा. सोल्यूशनचा एवढा पातळ, एवढा सारखा हात तिला स्वतःला जन्मात जमला नव्हता. चुकत होतं ते पुढे. टायर रिमवर चढवल्यावर तो पन्हाळीत घट्ट दाबून बसवावा लागतो, आणि ते दाबणं अंगठ्यांचं काम. बाबांच्या अंगठ्यांत जोर राहिला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची तीही त्याच अंगठ्यांनी. मग कसली फट दिसतेय? त्यांच्या हाताखाली प्रत्येक टायर पास होत होता.

"धाकटे, हल्ली सोल्यूशन चांगलं यायला लागलंय बघ," ते एकदा हात पुसत म्हणाले होते. "आधी दहात एखादं तरी उखडायला लागायचं. या वर्षी एकही नाही. एकही!"

"हो ना," धाकटी म्हणाली आणि उगीचच खण उघडून पाने-पक्कड आवरायला लागली.

तेव्हापासून तिचा दुपारचा उद्योग ठरून गेला. बाबा एकला घरी गेले की दार ओढून घ्यायचं, त्यांचे टायर सोडवायचे, पुन्हा चिकटवायचे. डिंकोबांची एक सवय होती. टायरच्या सुती पट्टीवर, व्हॉल्व्हजवळ, बोटभर जागा ते कोरडी ठेवत आणि तिथे पेन्सिलीने तारीख आणि 'डिं' एवढंच लिहीत. टायर बसला की ते कायमचं झाकलं जायचं. धाकटीला प्रत्येक चाकात ती खूण भेटायची. तिने ती कधी खोडली नाही, शेजारी आपली काढली नाही. तशीच्या तशी पालथी घालून वरून आपल्या अंगठ्यांनी दाबून टाकायची. कितीदा तरी दाबताना तिचे डोळे भरून आले होते.

सांगायचं कसं? आई गेल्यावर या माणसाकडे दुसरं होतं काय? ते स्टूल, तो ब्रश आणि 'डिंकोबांनी चिकटवलंय ना, मग झालं' हे लोकांचं एक वाक्य. तेवढं वाक्य काढून घ्यायला धाकटीची जीभ रेटत नव्हती. आठ महिने ती मूग गिळून बसली. चाकं बिनधोक जात होती, बाबा खुश होते, मग बिघडलं कुठे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

बिघडलं ते भिंगरीमुळे.

भिंगरी ही धाकटीची लेक. सतरा वर्षांची, पायांना चाकं लावूनच जन्मलेली, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. अकरा वर्षांची असताना तिने एकदा चढावर आजोबांना मागे टाकलं आणि वर पोचल्यावर वळून जीभ काढून दाखवली. डिंकोबा धापा टाकत घरी आले ते हसतच. दुसऱ्या दिवशी ते टायरांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बसले आणि तीन तासांत त्याला हैराण करून सोडलं. बावीस टायर उलगडले. एकाची शिवण वाकडी म्हणून बाजूला, एकाची पट्टी व्हॉल्व्हपाशी सुरकुतली म्हणून बाजूला, एक फुगवल्यावर उंदीर गिळलेल्या सापासारखा एके ठिकाणी गुबगुबीत म्हणून बाजूला. शेवटी सुती कुशीचे दोन निवडले. व्यापाऱ्याने विचारलं, "कुणासाठी एवढं?" तर म्हणाले, "ती अजून लहान आहे. हेही लहान आहेत. दोघांना मोठं होऊ द्या."

टायर मुरवल्याने रबर चिवट होतं, मग त्यात काच-खडे रुतत नाहीत, अशी त्यांची ठाम श्रद्धा. खरं-खोटं देव जाणे, पण त्यांच्यापुढे शंका काढायची कुणाची छाती नव्हती. डिंकोबांच्या घरातल्या जिन्याखालच्या कपाटात, थंड काळोखात, जुन्या रिमवर चढवून आणि बेताची हवा भरून ते दोन टायर सहा वर्षं ठेवलेले होते. महिन्यातून एकदा त्यांना कपाटातच थोडं फिरवायचं. विजेची मोटर जवळ असली की तिच्या हवेने रबर तडकतं, म्हणून फ्रिजची रवानगी स्वयंपाकघरातून थेट बैठकीच्या खोलीत झाली होती. भिंगरीची आजी जिवंत असेपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे टायरांना खोली आहे. फ्रिज आमच्यासारखाच, मिळेल तिथे उभा."

आता रविवारी भिंगरीची मोठ्यांच्या गटातली पहिली शर्यत होती. शेवटी सात वळणांचा उतार. सहा वर्षं मुरलेल्या टायरांचा दिवस आला होता, आणि डिंकोबांनी या वेळी दुकानात नाही, घरी बसून काम केलं. सोमवारपासून सोल्यूशनचा रोज एकेक हात. गुरुवारी टायर बसवले, शुक्रवारी ढकलून पाहिले, पास केले आणि दोन्ही चाकं जिन्याखालच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.

"रविवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो," त्यांनी फोनवर सांगितलं. "तोवर कुणाची नजर पडायला नको."

धाकटी फोन ठेवून तशीच उभी राहिली. दातांच्या डॉक्टरचं चाक ती दुपारी दार ओढून नीट करू शकली होती. हे चाक तिच्या हाती लागणार नव्हतं, आणि त्यावर तिची एकुलती एक पोर बसणार होती.

शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, बाबांच्या घरी जाऊन तिने एक युक्ती करून पाहिली. "बाबा, तो जुना हातपंप तुमच्या कपाटात आहे ना? किल्ली द्या जरा, काढून घेते."

डिंकोबा उठले, स्वतः कपाट उघडलं, पाठ वळवून पंप काढला, पुन्हा कुलूप लावलं आणि पंप तिच्या हातात ठेवला. धाकटी गुपचूप दुकानात आली. पंप बिघडलेला होता, हे तिला आधीपासून माहीत होतं.

दुपारी ती पुन्हा गेली. या वेळी तिच्यापाशी कसलीच सबब नव्हती. बाबा जेवून उठले होते, कॉफी करायच्या तयारीत होते आणि कॉफीच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. फडकं लावून झालं, ओट्यावर आपटून झालं.

"ही झाकणं करणाऱ्यांना अक्कल नाही," ते म्हणाले. "बघ तू."

धाकटीने बाटली घेतली. एका पिळात झाकण निघालं.

"मी सैल करून ठेवलं होतं," डिंकोबा म्हणाले.

एरवी ती हसली असती. आज तिने झाकण ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, ते सैल नव्हतं."

"बरं, नव्हतं. तू पहिलवान. साखर किती?"

"बाबा, मला ती चाकं ढकलून बघू द्या."

डिंकोबांचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. "नियम काय आहे?"

"नियम केलात तेव्हा तुमचे अंगठे तिशीतले होते."

"मी ढकललंय. दोन्ही. दोनदा."

"तुमच्याने आता एकही टायर हलत नाही, बाबा. म्हणून या वर्षी एकही उखडावं लागलं नाही. सोल्यूशन तेच आहे." आता थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे तिला कळत होतं. "तुम्ही घरी गेलात की मी ते सोडवते आणि परत बसवते. उद्या सात वळणं आहेत. माझी पोर आहे. मला किल्ली द्या."

ती वाट बघत होती ती आरडाओरड्याची. बापाला शिकवतेस का, असं काहीतरी. तसं झालं नाही. डिंकोबांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. तो कानाला अडकला, तो सोडवायलाही त्यांना वेळ लागला. मग स्वतःच कपाटापाशी जाऊन त्यांनी कुलूप उघडलं.

पुढचं चाक धाकटीने वीत वीत ढकललं. ते बसलेलं होतं. तिच्या जीवात जीव आला. मागच्या चाकाची हवा सोडली आणि व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. अर्धं चाक होईपर्यंत काही नाही. व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, जिथे टायर शेवटी रिमवर चढतो आणि सगळ्यात जास्त जोर लागतो, तिथे तो उचलला गेला. टीचभर. आवाजसुद्धा झाला नाही.

डिंकोबा खाली बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती फट जवळून पाहिली. तर्जनी आत घातली, ती पेरभर गेली. मग त्यांनी आपले अंगठे तिथे लावून ढकललं. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. टायर हलला नाही.

"बघ," ते हळूच म्हणाले. "माझ्या हाताला पासच होतोय."

बाहेरच्या खोलीत फ्रिज घुरघुरत होता.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"सगळी?"

"लागतील ती."

"मला वाटलं," डिंकोबा म्हणाले, "म्हातारपणी कुठे हात बसला."

धाकटीला रडू आवरेना. ती तिथेच, कपाटाच्या दारात, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला सोल्यूशनचा वास होता, तिच्या लहानपणापासूनचा.

"आणि खूण?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "आत खूण कुणाची घालायचीस?"

"तुमचीच होती ना. तीच ठेवली."

त्यांचा पाठीवरचा हात तिथेच राहिला.

शर्यतीला एक रात्र उरली होती, आणि सोल्यूशनला पुरता दिवस लागतो. घाई करून बसवलेला टायर हा न बसवलेल्याहून वाईट, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भिंगरीला सांगणं भाग होतं. धाकटी फोनकडे गेली, तर डिंकोबांनी तो तिच्या हातातून घेतला.

"भिंगरे, उद्या तू तुझ्या साध्या चाकांवर जायचंस. ... नाही, टायर चांगले आहेत. माझं बसवणं कच्चं राहिलं. ... हो, माझंच. आईने ढकलून बघितलं." मग पोरीचा आवाज धाकटीलाही आला, इतका मोठा होता.

"सहा वर्षं थांबलेत ना ते? मग अजून थोडे दिवस थांबतील! तुम्ही रडताय का आजोबा?"

"सर्दी आहे," डिंकोबा म्हणाले.

भिंगरी साध्या चाकांवर गेली आणि चौदावी आली. उतारावर दोघींनी तिला गाठलं. शर्यत संपल्यावर ती कुरकुरत आली, पण घरी जाऊन एवढं जेवली की कुणाला तिची काळजी करायचं कारण उरलं नाही. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर होती.

सोमवारी डिंकोबा दहाला दुकानात आले ते दोन्ही चाकं घेऊन. पुढचं बसलेलं होतं, तरी त्यांनी तेही सोडवायला लावलं. "बसलं ते नशिबाने," म्हणाले. "भिंगरी नशिबावर जाणार नाही." धाकटीने टायर सोडवले. त्यांनी रिम साफ केल्या, ब्रश घेतला आणि पहिला हात दिला. तो ब्रश फिरताना पाहायला दोन गिऱ्हाइकं काम विसरून उभी राहिली. मंगळवारी दुसरा हात. बुधवारी शेवटचा, आणि तो ओला असतानाच टायर चढवायचा.

चढवायच्या आधी डिंकोबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि दोन्ही टायर आपल्याकडे घेतले. नेहमी तारीख आणि 'डिं' लिहायला एक क्षण पुरायचा. आज त्यांना बराच वेळ लागला. पाठ वळवून, पुटपुटत, जीभ दातांत धरून लिहिणं चाललं होतं.

"बाबा, सोल्यूशन सुकतंय."

"सुकू दे. आजवर कधी घाई केलीय मी?"

टायर तिच्या हाती आला. व्हॉल्व्ह भोकात घालताना ती कोरडी बोटभर पट्टी तिच्या डोळ्यांसमोर आली. जुनं 'डिं' खोडलेलं होतं. त्याच्या शेजारी, जागा पुरत नाही म्हणून बारीक अक्षरात, तारखेखाली लिहिलं होतं: 'सोल्यूशन माझं. अंगठे धाकटीचे.'

तिने वर पाहिलं. डिंकोबा डब्याचं झाकण लावण्यात गढून गेल्याचं सोंग करत होते. झाकण काही लागत नव्हतं.

धाकटीने चाक जमिनीवर उभं केलं, टायर दोन्ही बाजूंनी खाली ओढत नेला, शेवटची वीत उचलून रिमवर चढवली आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या त्या जागी अंगठे रोवून सगळा जीव काढून दाबला. ती अक्षरं झाकली गेली.

गुरुवारी हवा सोडून परीक्षेची वेळ आली, तेव्हा ती चाक घेऊन बसली आणि थांबली. "बाबा, या. ज्याने चिकटवलं त्यानेच ढकलायचं. दोघांनी चिकटवलंय."

डिंकोबा स्टूल ओढून शेजारी बसले आणि त्यांनी आपले अंगठे तिच्या अंगठ्यांवर ठेवले. ते अंगठे हलके होते, गार होते. वीत वीत करत दोघांनी ते अख्खं चाक ढकललं.

"हललं का गं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणाला विचारत होते.

"नाही, बाबा."

"मग पास," डिंकोबा म्हणाले. "दुसरं घे."